१.४४ एमबीची फ्लॉपी आणि १२८ एमबीचा पेनड्राइव्ह : त्यांवर उपयोगाचे काय काय मावते?

जुनाखोका (धागाकर्ता)

आमच्या गावच्या वाचनालयात तीन संगणक आहेत. त्यांतला सर्वांत जुना पेंटियम ३ असून त्यावर विंडोज ९८ ची दुसरी आवृत्ती चालते, मेमरी ६४ एमबी आहे आणि फ्लॉपी ड्राइव्ह अजून शाबूत आहे. उरलेल्या दोघांवर एक्सपी आहे. तिन्हींना इंटरनेट नाही आणि ते येण्याची शक्यताही दिसत नाही. मागच्या आठवड्यात कपाट आवरताना दहा फ्लॉपींचे एक न फोडलेले खोके आणि १२८ एमबीचे चार पेनड्राइव्ह सापडले. पैकी दोघांवर लिखाण बंद करण्याची छोटी कळ आहे.

माझी गरज मर्यादित आहे. सुमारे सहा हजार पुस्तकांची यादी मराठीत टंकून ती एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेता यावी, आवळलेल्या फाइली उलगडता याव्यात, पीडीएफ वाचता यावी आणि एखादे यंत्र अडले तर दोष मेमरीत आहे की डिस्कमध्ये हे कळावे, एवढेच. इन्स्टॉल न करता थेट चालणारी सॉफ्टवेअर मला हवी आहेत, कारण या यंत्रांच्या हार्ड डिस्कवर काही नवे बसवण्याचा धीर मला होत नाही. जाणकारांनी सुचवावे.

बाइटमोजणी

सॉफ्टवेअरची नावे काढण्याआधी जागेचा हिशेब नीट मांडू, कारण या कामात बहुतेकांची फसगत तिथेच होते. फ्लॉपीच्या दोन बाजू, प्रत्येक बाजूला ८० ट्रॅक, प्रत्येक ट्रॅकवर १८ सेक्टर आणि प्रत्येक सेक्टरमध्ये ५१२ बाइट, असा गुणाकार केला की १४,७४,५६० बाइट येतात. यालाच १.४४ एमबी म्हणण्याची प्रथा पडली. प्रत्यक्षात तो बाइटचा आकडा एकदा १०२४ ने आणि एकदा १००० ने भागून तयार झालेला संकर आहे. त्यातही सगळी जागा आपली नसते. बूट सेक्टरचा एक, फॅटच्या (कोणती फाइल कोठे आहे ते सांगणाऱ्या तक्त्याच्या) दोन प्रतींचे अठरा आणि मूळ डिरेक्टरीचे चौदा असे ३३ सेक्टर वजा केल्यावर २८४७ सेक्टर, म्हणजे १४,५७,६६४ बाइट हाती राहतात. सेव्हन-झिप या फाइली आवळणाऱ्या प्रोग्रामात फाइलचे तुकडे पाडण्याच्या चौकटीत फ्लॉपीसाठी हाच आकडा तयार दिलेला असतो, तो कोठून आला ते यावरून लक्षात येईल.

मूळ डिरेक्टरीत फक्त २२४ नोंदींना जागा असते, आणि लांब नावाची फाइल दर तेरा अक्षरांमागे एक जादा नोंद खाते. म्हणून फ्लॉपीवरच्या फाइलींना आठ अधिक तीन अक्षरांचीच नावे द्यावीत. हा सोवळेपणा नव्हे. जागा भरपूर दिसत असताना "जागा नाही" असा संदेश आलेला मी स्वतः पाहिला आहे.

पेनड्राइव्हचा हिशेब वेगळा आहे. १२८ एमबीचा पेनड्राइव्ह फॅट१६ ने फॉरमॅट केला की क्लस्टर, म्हणजे फाइलीला जागा देण्याचे सर्वांत लहान माप, दोन केबींचा होतो, म्हणजे शंभर बाइटची फाइलसुद्धा दोन केबी अडवते. फाइलमागे सरासरी अर्धा क्लस्टर वाया जातो असे धरले, तर तीन हजार लहान फाइलींमागे सुमारे तीन एमबी गेले. यावर फॅट३२ आणि ५१२ बाइटचे क्लस्टर घ्या, असा सल्ला ऐकू येतो. त्याने वाया जाणारी जागा पाऊण एमबीवर येते खरी. पण आता अडीच लाखांच्या आसपास क्लस्टर झाले, प्रत्येकाला तक्त्यात चार बाइट आणि तक्त्याच्या दोन प्रती, म्हणजे दोन एमबी तक्त्यातच गेले. फॅट१६ चे दोन्ही तक्ते मिळून पाव एमबीत बसतात. एकूण बचत नगण्य ठरते. त्यापेक्षा लहान फाइली एका आवळलेल्या फाइलीत बांधून ठेवणे केव्हाही चांगले. लहान फाइली सुट्या ठेवण्याची चूक ५१२ एमबीच्या पेनड्राइव्हवर मात्र महागात पडते, कारण तिथे फॅट१६ चा क्लस्टर आठ केबींचा असतो आणि त्याच तीन हजार फाइलींमागे बारा एमबी उडतात.

तिरकस

चर्चा वाचायला मजा येते आहे, पण एक भाबडा प्रश्न विचारतो. काही शे रुपयांत बत्तीस जीबीचा नवा पेनड्राइव्ह मिळत असताना बाइट मोजत बसण्याचे प्रयोजन काय?

बाइटमोजणी

प्रश्न रास्त आहे आणि एक्सपीच्या दोन यंत्रांपुरते त्याचे उत्तर "काहीच नाही" असे आहे. तिथे खुशाल नवा पेनड्राइव्ह वापरावा. अडचण विंडोज ९८ ची आहे. त्यात पेनड्राइव्हचा सर्वसाधारण ड्रायव्हर येतच नाही. तो मिलेनियम आणि २००० या आवृत्त्यांपासून आला. म्हणजे पेनड्राइव्ह बत्तीस जीबीचा असो की १२८ एमबीचा, ते यंत्र त्याला ओळखणारच नाही, आणि ओळख करून देणारा ड्रायव्हर त्या यंत्रापर्यंत न्यायचा तर हाताशी सीडी किंवा फ्लॉपी हवी. त्या काळी कंपन्यांचे आपापल्या पेनड्राइव्हसाठीचे ड्रायव्हर काही शे केबींचे असत आणि फ्लॉपीवर सहज मावत. दुसरे कारण लिखाण बंद करण्याच्या कळीचे आहे, जी आजच्या पेनड्राइव्हवर क्वचितच मिळते. त्याबद्दल कोणी सविस्तर लिहिले तर बरे होईल.

बूटपट्टी

मी बूट होणाऱ्या माध्यमांबद्दल लिहितो. थोड्या जागेत जास्त सामान बसवण्याची विद्या या क्षेत्रातल्या लोकांनी फार पूर्वी सिद्ध केलेली आहे. १९९५ मध्ये ब्रूस पेरेन्स यांना डेबियन या लिनक्स प्रणालीची इन्स्टॉलेशन आणि दुरुस्ती एकाच फ्लॉपीवर बसवायची होती, तेव्हा त्यांनी कितीतरी लहानसहान आज्ञा एकाच प्रोग्रामात गुंफल्या आणि बिझीबॉक्स जन्माला आला. प्रत्येक आज्ञेचा स्वतंत्र प्रोग्राम ठेवला की त्या प्रत्येकामागे शीर्षभाग, समाईक कोड आणि क्लस्टरचा उरलेला तुकडा असा भुर्दंड पडतो. एकत्र केल्यावर तो एकदाच पडतो. १९९९ मध्ये क्यूएनएक्स कंपनीने एका १.४४ एमबीच्या फ्लॉपीवर खिडक्यांचा पडदा, नेटवर्क आणि ब्राउझर यांसह चालणारी प्रणाली वाटली होती. ती पाहिल्यावर "मावत नाही" हे शब्द मी जरा जपून वापरू लागलो.

दुसरी युक्ती खुद्द विंडोज ९८ च्या बूट फ्लॉपीत आहे. ती सुरू झाली की मेमरीत दोन एमबीची एक काल्पनिक डिस्क तयार करते आणि फ्लॉपीवरच्या आवळलेल्या कॅब फाइलीतून फॉरमॅट, स्कॅनडिस्क, एडिट वगैरे प्रोग्राम तिथे उलगडते. फ्लॉपीची जागा वाढली नाही, पण तिच्यावर घडी घालून ठेवलेले सामान मेमरीत पसरले. तुमच्या ६४ एमबीच्या यंत्रात असे दोन-चार एमबी सहज देता येतात, म्हणून स्वतःची फ्लॉपी बनवतानाही हाच मार्ग धरावा.

माझा सल्ला असा की एका फ्लॉपीवर एकच काम सोपवावे. पहिल्या फ्लॉपीवर फ्रीडॉस, म्हणजे डॉसचा मुक्त अवतार, ठेवावे. त्याचे कर्नल आणि आज्ञावाचक मिळून दीडशे केबींच्या आत बसतात, त्यामुळे फ्लॉपीचा नऊ-दशांश भाग तुमच्या साधनांना मोकळा राहतो. फाइली हाताळण्यासाठी व्होल्कोव्ह कमांडर घ्यावा. तो कॉम प्रकारची एकच फाइल आहे आणि त्या प्रकाराला ६४ केबींची मर्यादा असल्यामुळे त्याहून मोठा होऊच शकत नाही. दुसऱ्या फ्लॉपीवर मेमटेस्ट८६+ ची ५.०१ आवृत्ती असावी आणि दुसरे काही नसावे. मेमरी तपासताना यंत्रात इतर काही चालू असणेच चुकीचे आहे, त्यामुळे तिथे उरलेल्या जागेचा मोह धरू नये.

तिसरी फ्लॉपी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पेंटियम ३ च्या काळातल्या बऱ्याच बायोसना (यंत्र सुरू करणाऱ्या अंगभूत प्रोग्रामांना) पेनड्राइव्हवरून बूट करता येत नाही. प्लॉप नावाचा बूट व्यवस्थापक फ्लॉपीवर बसतो, स्वतःचा यूएसबी ड्रायव्हर सोबत आणतो आणि बायोसला न विचारता पेनड्राइव्हवरून प्रणाली सुरू करतो. थोडक्यात, फ्लॉपीने किल्लीचे काम करायचे आणि सामान पेनड्राइव्हने वाहायचे. त्या पेनड्राइव्हवर टायनी कोअर लिनक्स ठेवता येईल. खिडक्यांच्या पडद्यासह ते पंचवीस एमबींच्या आत आहे. मात्र त्यात प्रोग्राम जवळजवळ नसतात. ते जोडपुड्यांच्या स्वरूपात वेगळे घ्यावे लागतात, आणि तुमच्याकडे इंटरनेट नसल्यामुळे प्रत्येक पुडीसोबत तिला लागणाऱ्या इतर पुड्याही दुसरीकडून आठवणीने उतरवून आणाव्या लागतील. हे एक्सपीच्या यंत्रांवर करावे. ६४ एमबी मेमरीत नव्या आवृत्त्यांकडून काही आशा ठेवू नये.

तिरकस

मग उरलेल्या शंभर एमबीत आवडीचे ऑफिस सॉफ्टवेअर टाकता येईल ना?

बाइटमोजणी

आजचे लिबर ऑफिस काही शे एमबींचे आहे, तेव्हा तो विषय मिटला. शिवाय फक्त एक्सई फाइलीचा आकार बघून हुरळून जाऊ नये. वीस केबींचा एखादा सुबक प्रोग्राम सापडतो, आपण तो कौतुकाने फ्लॉपीवर घालतो आणि यंत्रावर गेल्यावर तो डॉटनेट हे मायक्रोसॉफ्टचे आधार-सॉफ्टवेअर मागतो. डॉटनेट २.० ची इन्स्टॉलेशन फाइल एकट्याने बावीस एमबींची आहे आणि एक्सपीत ते मुळात नसते. म्हणून ज्याला स्वतःच्या फोल्डरबाहेरचे काही लागत नाही आणि जो आपल्या आवडीनिवडी रजिस्ट्रीत (विंडोजच्या समाईक नोंदवहीत) न लिहिता शेजारच्या आयएनआय फाइलीत लिहितो, असाच प्रोग्राम निवडावा. पीडीएफसाठी सुमात्रा घ्या. एक्सपीवर चालणारी तिची शेवटची आवृत्ती ३.१.२ आहे. आवळ-उलगडीसाठी सेव्हन-झिपची ९.२० आवृत्तीतली आज्ञापट्टीवर चालणारी एक्सई घ्या. ती पावणेसहाशे केबींच्या आसपास आहे. चित्रे पाहायला इरफानव्ह्यू पुरे. हे सगळे मिळून एक लहान कोपरा भरेल आणि बाकीचा पेनड्राइव्ह पुस्तकांना मोकळा राहील.

एक्सई फाइल यूपीएक्सने, म्हणजे आवळूनही थेट चालू ठेवणाऱ्या साधनाने, आवळली तर ती बरेचदा निम्म्याखाली येते. फ्लॉपीवर याचा दुहेरी लाभ आहे. चकती मिनिटाला ३०० फेरे घेते आणि एका फेऱ्यात एका बाजूचा एक ट्रॅक, म्हणजे नऊ केबी वाचून होतात. सेकंदाला पाच फेरे धरले तर अगदी आदर्श स्थितीतही वेग ४५ केबींपलीकडे जात नाही. पाचशे केबी वाचायला अकरा सेकंद लागतात आणि दोनशेला साडेचार. उलगडायला लागणारा वेळ त्यापुढे काहीच नाही. पण यूपीएक्स केलेली फाइल पुन्हा झिपमध्ये घातली की ती फारशी आटत नाही. दोन्हींपैकी एकच करावे.

लिपिक

मूळ मागणी मराठी यादीची होती आणि तिच्याकडे अजून कोणी वळलेले नाही. "ग्रंथालय" हा शब्द घ्या. ग, हलन्त, र, अनुस्वार, थ, काना, ल, य अशी ती आठ चिन्हे आहेत. १९९१ च्या इस्की या भारतीय लिप्यांच्या प्रमाणानुसार ती आठ बाइटमध्ये बसतात, युनिकोडच्या यूटीएफ-१६ या रूपात सोळा लागतात आणि यूटीएफ-८ या रूपात चोवीस. इंग्रजी यादीला हा फरक जाणवत नाही, आपल्याला तिप्पट मोजावा लागतो. सहा हजार पुस्तके, प्रत्येक नोंदीत १३० देवनागरी चिन्हे आणि २० आकडे-मोकळ्या जागा धरल्या, तर इस्कीत नऊ लाख बाइट होतात आणि यादी फ्लॉपीवर मावते. यूटीएफ-८ मध्ये तीच २४ लाख ६० हजारांवर जाते आणि मावत नाही.

तरीही माझे मत यूटीएफ-८ च्याच बाजूने आहे. देवनागरीच्या तीन बाइटमधला पहिला नेहमी एकच असतो आणि दुसऱ्याला दोनच पर्याय असतात. अशी पुनरावृत्ती आवळणाऱ्या प्रोग्रामाच्या हातचा मळ. सेव्हन-झिपने आवळल्यावर इस्की आणि यूटीएफ-८ यांच्या आकारांतले अंतर बरेचसे पुसले जाते. जागेसाठी आज आठ-बिटी फॉन्टांत यादी टंकली, तर पाच वर्षांनी तो विशिष्ट फॉन्ट नसलेल्या यंत्रावर ती कोणालाही वाचता येणार नाही, आणि जुन्या फॉन्टांतला मजकूर युनिकोडमध्ये आणताना रफार आणि पहिली वेलांटी किती छळतात हे ज्याने भोगले आहे तो ही चूक पुन्हा करत नाही.

प्रश्न दाखवण्याचा आहे. जोडाक्षरे जुळवण्याचे काम फॉन्ट एकट्याने करत नाही, त्यामागे प्रणालीचे यंत्र लागते. डॉसच्या काळात सीडॅकने त्यासाठी जिस्ट नावाचे चक्क वेगळे कार्ड काढले होते. एक्सपीत ती सोय आहे, पण प्रादेशिक भाषांच्या चौकटीत क्लिष्ट लिप्यांची खूण करून एकदा मूळ सीडी घालावी लागते. पेनड्राइव्हवरून चालणारा साधा संपादक प्रणालीच्याच आधारावर उभा असतो, त्यामुळे ही खूण केलेली नसेल तर कोणताही फॉन्ट सोबत नेऊन उपयोग नाही. विंडोज ९८ वर मराठी युनिकोड टंकण्याचा नाद सोडावा. त्या यंत्राकडे तपासणी आणि आवळ-उलगड एवढीच कामे द्यावीत.

यंत्रशाळा

भोसरीत आमच्याकडे संगणकाच्या आज्ञांवर चालणारे एक जुने सीएनसी यंत्र आहे, ज्याला अजून फ्लॉपीच लागते. त्या अनुभवावरून दोन गोष्टी सांगतो. बाजारात मिळणारा यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह घेणार असाल तर तो बहुधा १.४४ एमबी आणि ७२० केबी एवढीच दोन रूपे ओळखतो. मायक्रोसॉफ्ट स्वतःच्या सॉफ्टवेअरसाठी ट्रॅकमागे १८ ऐवजी २१ सेक्टर पाडून त्याच फ्लॉपीवर १६८० केबी बसवत असे, आणि ते वाचून आम्हीही उत्साहाने तशा फ्लॉपी तयार केल्या. यंत्राच्या आतल्या ड्राइव्हमध्ये त्या चालल्या, पण नंतर घेतलेल्या यूएसबी ड्राइव्हने एकही उघडली नाही. वाढीव दोन-अडीचशे केबींसाठी हा धोका पत्करू नये.

दुसरे असे की फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी बसणारी गोटेक नावाची डबी मिळते. तिच्यात पेनड्राइव्ह खोचला की यंत्राला ती फ्लॉपीच वाटते. आम्ही तिच्यात फ्लॅशफ्लॉपी हे मुक्त फर्मवेअर (डबीच्या आतले सॉफ्टवेअर) घातले आहे. तुमच्या १२८ एमबीच्या एका पेनड्राइव्हवर फ्लॉपीच्या ऐंशीहून अधिक प्रतिमा (अख्ख्या फ्लॉपीच्या एका फाइलीतल्या नकला) बसतील. नव्या मोठ्या पेनड्राइव्हपेक्षा जुने लहान पेनड्राइव्ह इथे जास्त शोभतात, कारण इतक्या प्रतिमा तरी कोणाला लागतात?

किनारपट्टी

मी कोकणातून लिहितो आहे, त्यामुळे माझा पहिला प्रश्न जागेचा नसून बुरशीचा आहे. न फोडलेल्या खोक्यातल्या फ्लॉपीलासुद्धा दमट हवेत बुरशी येते. धातूची पट्टी बोटाने सरकवून चकती उजेडात तिरकी धरावी. तिच्यावर पांढुरके ठिपके दिसले तर ती ड्राइव्हमध्ये घालूच नये, कारण ती बुरशी वाचणाऱ्या टोकाला लागते आणि पुढच्या चांगल्या फ्लॉपींवर ओरखडे पाडते. चांगली दिसली तर पूर्ण फॉरमॅट करावी, घाईची फॉरमॅट नव्हे, आणि एकही सेक्टर खराब निघाला तर कचऱ्यात टाकावी. नकल केल्यावर एफसी आज्ञेने मूळ फाइलीशी बाइट-बाइट ताडून पाहावी.

लिखाण बंद करण्याच्या कळीबद्दल वर विचारणा झाली आहे. एक्सपीच्या काळात पेनड्राइव्ह खोचताक्षणी ऑटोरन फाइल लिहून पसरणारे विषाणू घरोघरी होते आणि इंटरनेट नसलेल्या यंत्रांवर ते अजूनही झोपलेले असतात, कारण तिथे कोणी साफसफाई केलेलीच नसते. साधनांचा पेनड्राइव्ह कळ लावूनच अशा यंत्राला जोडावा. जे प्रोग्राम शेजारच्या आयएनआय फाइलीत लिहायला जातात ते अशा वेळी कुरकुरतात, म्हणून सगळ्या आवडीनिवडी आधी ठरवून घ्याव्यात आणि मगच कळ सरकवावी. ज्या दोन पेनड्राइव्हना कळ नाही, त्यांवर ऑटोरन.आयएनएफ याच नावाचे एक रिकामे फोल्डर तयार करावे. त्या नावाची फाइल मग साध्या विषाणूला लिहिता येत नाही. हे पूर्ण संरक्षण नाही, पण फुकट आहे.

जुनाखोका (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. दोन रविवार घालवून काय झाले ते नोंदवतो.

दहांपैकी तीन फ्लॉपींवर खरोखरच ठिपके निघाले आणि दोघींच्या फॉरमॅटमध्ये खराब सेक्टर आले. उरलेल्या पाचांपैकी एकीवर फ्रीडॉस आणि व्होल्कोव्ह कमांडर, दुसरीवर मेमटेस्ट, तिसरीवर प्लॉप आणि चौथीवर विंडोज ९८ साठी पेनड्राइव्हचा ड्रायव्हर घातला. पाचवी कोरी ठेवली आहे. मेमटेस्टने पहिल्याच रात्री जुन्या यंत्रातल्या दोन पट्ट्यांपैकी एक खराब असल्याचे दाखवले, त्यामुळे ते यंत्र आता ३२ एमबींवर चालते, पण अडत नाही. विंडोज सुरू होताना होणारा खोळंबा आम्ही इतकी वर्षे डिस्कचा मानत होतो.

यूपीएक्सच्या बाबतीत माझा हात पोळला. सेव्हन-झिपची एक्सई आवळून पेनड्राइव्हवर ठेवली, तर एक्सपीवरच्या जुन्या विषाणूनाशकाने तिला संशयित ठरवून परस्पर उडवले. फ्लॉपीवर डॉसमधली साधने आवळलेली आहेत आणि तिथे काही तक्रार नाही, पण पेनड्राइव्हवर जागेचा तोटा नसताना ती करामत करण्याचे कारणच नव्हते. आता मूळ फाइल ठेवली आहे आणि कळ लावलेली आहे.

यादीचे काम यूटीएफ-८ मध्येच सुरू केले. एका एक्सपीवर क्लिष्ट लिप्यांची खूण होती. दुसऱ्यासाठी मूळ सीडी शोधायला तिसरा रविवार लागेल असे दिसते. आतापर्यंत अकराशे नोंदी झाल्या आहेत. त्या आवळून कोऱ्या ठेवलेल्या पाचव्या फ्लॉपीवर घातल्या आणि ताडून पाहिल्या. तिच्यावर अजून बरीच जागा आहे, तेव्हा सहा हजारांची यादी पूर्ण झाल्यावरही तुकडे पाडावे लागतील असे वाटत नाही.

बाइटमोजणी

त्या फ्लॉपीवर सेव्हन-झिपची ती एक्सईसुद्धा घालून ठेवा. यादी उघडायला लागणारे साधन यादीसोबतच असलेले बरे, आणि पावणेसहाशे केबी दिल्यावरही तुमच्याकडे यादीसाठी साडेआठशेच्या आसपास उरतील.

जुनाखोका (धागाकर्ता)

घातली. या वेळी न आवळता.